जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ : संशोधन, पैसा आणि शेजार

जॉन्स हॉपकिन्स हे अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरातील खासगी संशोधन विद्यापीठ आहे. २२ फेब्रुवारी १८७६ हा त्याचा स्थापनादिन. त्याआधी अमेरिकेत महाविद्यालयांची उणीव नव्हती. हार्वर्ड १६३६ पासून चालू होते, येल आणि प्रिन्स्टनही जुनीच. पण या संस्थांमध्ये प्रामुख्याने ठरलेला अभ्यासक्रम पाठ करून घेतला जाई. नवे ज्ञान निर्माण करणे हे विद्यापीठाचे पहिले काम आणि शिकवणे हा त्याच कामाचा भाग, ही भूमिका पहिल्या दिवसापासून घेऊन उभे राहिलेले अमेरिकेतले पहिले विद्यापीठ म्हणजे हॉपकिन्स. पीएच.डी.चे मार्गदर्शक, संशोधन पाठ्यवृत्ती, सेमिनार, विद्यापीठातून निघणारी संशोधनपत्रिका या आज जगभर गृहीत धरल्या जाणाऱ्या गोष्टींची अमेरिकन घडी बाल्टिमोरमध्ये बसली.

अमेरिकेतली अशी खासगी विद्यापीठे कोणाच्या मालकीची नसतात. विश्वस्त मंडळ ती चालवते आणि शिल्लक पैसा संस्थेतच राहतो. नफा वाटून घेण्याची सोय कायद्यानेच नसते. हॉपकिन्सचा कारभार या अर्थाने पूर्णपणे खासगी आहे. त्याचे संशोधन मात्र गेली ऐंशी वर्षे बहुतांशी अमेरिकन सरकारच्या पैशावर चालत आले आहे. कारभार खासगी आणि खर्च सार्वजनिक, या जोडणीतून विद्यापीठाची ताकद आली आणि त्याचे बहुतेक पेचही तिथूनच आले.

संस्थापकाचे नाव जॉन नव्हे, जॉन्स. पणजीचे माहेरचे आडनाव घराण्यात पहिले नाव म्हणून चालत आले होते. १७९५ मध्ये मेरिलँडमधल्या तंबाखू पिकवणाऱ्या क्वेकर पंथीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याने बाल्टिमोरमध्ये किराणा व मद्याचा घाऊक व्यापार केला, नंतर सावकारी केली आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या शेअर्समध्ये मोठी रक्कम गुंतवली. तो अविवाहित होता. २४ डिसेंबर १८७३ रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रानुसार ७० लाख डॉलर एक विद्यापीठ आणि एक रुग्णालय यांच्यात निम्मे-निम्मे वाटायचे होते. तोवर अमेरिकेत एवढी मोठी देणगी कोणी दिलेली नव्हती. रुग्णालयाने शहरातल्या गरीब आजाऱ्यांना स्त्री-पुरुष, वय किंवा वर्ण न पाहता दाखल करून घ्यावे आणि कृष्णवर्णीय अनाथ मुलांसाठी आश्रम काढावा, अशा सूचनाही त्याने विश्वस्तांना लेखी दिल्या होत्या.

हॉपकिन्सच्या आईवडिलांनी १८०७ मध्ये आपले गुलाम मुक्त केले आणि शेतात हात कमी पडल्यामुळे बाराव्या वर्षी जॉन्सची शाळा सुटली, ही कथा विद्यापीठ शतकभर अभिमानाने सांगत आले. संस्थापकाची ओळखही गुलामगिरीचा विरोधक अशीच करून दिली जाई. डिसेंबर २०२० मध्ये विद्यापीठानेच जाहीर केले, की १८४० आणि १८५० च्या जनगणनेच्या कागदांत हॉपकिन्सच्या घरी गुलाम असल्याची नोंद सापडली आहे. त्या नोंदींचा नेमका अर्थ काय लावायचा यावर अभ्यासकांत वाद आहे. स्वतःच्या संस्थापकाची दंतकथा स्वतःच्याच इतिहासकारांकडून तपासून घेणे आणि निष्कर्ष गैरसोयीचा असूनही तो लपवून न ठेवणे, हे मात्र संशोधन विद्यापीठाला शोभणारे वर्तन होय.

मृत्युपत्रात पैसा होता, पण विद्यापीठ कसे असावे याचा आराखडा नव्हता. विश्वस्तांनी हार्वर्ड, कॉर्नेल आणि मिशिगनच्या अध्यक्षांना सल्ला विचारला. नेतृत्व कोणाकडे द्यावे या प्रश्नावर तिघांनी एकच नाव सुचवले : डॅनियल कॉइट गिलमन. गिलमन त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि तिथल्या राजकारण्यांच्या हस्तक्षेपाला कंटाळले होते. जर्मनीतल्या विद्यापीठांत प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच प्रश्नावर बरोबरीने काम करतात, हे त्यांना ठाऊक होते. त्या काळी उच्च संशोधन शिकायचे तर अमेरिकन तरुणांना बर्लिन, गॉटिंगेन किंवा हायडेलबर्ग गाठावे लागे.

गिलमन यांनी इमारतींवर पैसा घालवला नाही. शहराच्या मध्यभागी हॉवर्ड स्ट्रीटजवळची जुनी घरे घेऊन त्यांत वर्ग आणि प्रयोगशाळा थाटल्या, आणि वाचलेला पैसा माणसांवर लावला. लंडनहून गणितज्ञ जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर आले. ते ज्यू असल्यामुळे केंब्रिजने त्यांना पदवी देण्यास अनेक वर्षे नकार दिला होता. साठी ओलांडलेल्या या गृहस्थांनी आपला ५ हजार डॉलरचा वार्षिक पगार सोन्यात मिळावा अशी अट घातली आणि ती मान्य झाली. ग्रीक भाषेसाठी बेसिल गिल्डरस्लीव्ह, रसायनशास्त्रासाठी आयरा रेमसेन, जीवशास्त्रासाठी हेन्री न्यूवेल मार्टिन आले. भौतिकशास्त्रासाठी घेतलेले हेन्री रोलंड तेव्हा तिशीही न गाठलेले होते. पुढे रोलंड यांनी धातूच्या पृष्ठभागावर एका इंचात १४ हजारांहून अधिक समांतर रेघा ओढणारे यंत्र बनवले. त्या जाळ्यांनी सूर्यप्रकाशाचे पृथक्करण इतके बारकाईने होऊ लागले, की जगभरच्या प्रयोगशाळा ती बाल्टिमोरहून मागवू लागल्या.

खरी नवी कल्पना होती फेलोशिपची. पदवी घेतलेल्या वीसेक तरुणांना पहिल्याच वर्षी प्रत्येकी ५०० डॉलर देऊन बोलावण्यात आले. त्यांनी फी भरायची नव्हती, वर्ग घ्यायचे बंधन नव्हते. एक प्रश्न घेऊन त्याच्या मागे लागायचे, एवढेच काम. इतिहासाच्या सेमिनारमध्ये लांबलचक टेबलाभोवती बसून विद्यार्थी मूळ दस्तऐवज वाचत आणि एकमेकांच्या निबंधांची चिरफाड करत. त्याच सेमिनारमधून वुड्रो विल्सन यांनी १८८६ मध्ये पीएच.डी. मिळवली. पीएच.डी. असलेले ते आजवरचे एकमेव अमेरिकन राष्ट्राध्यक्ष आहेत. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हेही इथलेच, १८८४ चे पीएच.डी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पुढे कोलंबिया विद्यापीठात ज्यांचे विचार ऐकायला मिळाले, ते हेच ड्यूई.

संशोधन झाले तर ते छापलेही पाहिजे, म्हणून १८७८ मध्ये गणिताची पत्रिका निघाली, पाठोपाठ रसायनशास्त्राची आणि भाषाशास्त्राची. त्याच वर्षी सुरू झालेले विद्यापीठाचे प्रकाशनगृह आजवर खंड न पडता चालू आहे. अमेरिकेत याबाबत तेच सर्वांत जुने. त्याआधी, विद्यापीठ सुरू होतानाचे इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांचे भाषण सप्टेंबर १८७६ मध्ये प्रार्थनेविना झाले, म्हणून वर्तमानपत्रांनी गहजब केला होता. डार्विनच्या कैवाऱ्याला बोलावले आणि देवाला वगळले, असा आरोप झाला. गिलमन स्वतः श्रद्धाळू होते. पण विद्यापीठ कोणत्याही चर्चचे नाही, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांना कळली.

या पहिल्या दशकातले काम कसे चाले, याचा एक नमुना १८७९ चा आहे. रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फालबर्ग हे रसायनतज्ज्ञ डांबरातून मिळणाऱ्या संयुगांवर काम करत होते. एका संध्याकाळी ते हात न धुताच जेवायला बसले. पाव गोड लागला. तोंड पुसले तर रुमालही गोड, पेल्याची कड गोड. गोडवा आपल्या बोटांवर आहे हे लक्षात येताच ते जेवण टाकून प्रयोगशाळेत परतले आणि टेबलावरची एकेक बशी व चंचुपात्र चाखत सुटले. सापडलेला पदार्थ म्हणजे सॅकरिन. शोधनिबंध दोघांच्या नावावर निघाला. पेटंट मात्र फालबर्ग यांनी पुढे एकट्यानेच घेतले. रेमसेन यांना त्याचा राग अखेरपर्यंत होता. विद्यापीठातल्या शोधावर हक्क कोणाचा, हा प्रश्न इथे इतक्या लवकर उभा राहिला.

ज्ञानाची दारे सर्वांना उघडी नव्हती. क्रिस्टीन लॅड यांना सिल्व्हेस्टर यांच्या आग्रहामुळे गणिताच्या वर्गांना बसता आले. १८८२ पर्यंत त्यांनी पीएच.डी.चे सगळे काम पुरे केले, पण स्त्री म्हणून पदवी नाकारली गेली. ती मिळाली १९२६ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. केली मिलर हे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी १८८७ मध्ये गणितासाठी आले; दोन वर्षांत फी वाढली आणि त्यांना शिक्षण सोडावे लागले. पदवीपूर्व वर्गांत मुलींना प्रवेश १९७० पर्यंत नव्हता. अमेरिकेत संशोधनाच्या बाबतीत पहिले असलेले हे विद्यापीठ या बाबतीत बरेच मागे राहिले, आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना मिळालेला प्रवेश हा अपवाद. त्याला कारण विद्यापीठाची उदारता नव्हती, तिजोरीतला खडखडाट होता. विद्यापीठाचा बहुतेक निधी रेल्वेच्या शेअर्समध्ये होता. १८८० च्या दशकाअखेर रेल्वेने लाभांश देणे थांबवले आणि प्राध्यापकांच्या पगाराचीच चिंता पडली. रुग्णालय ७ मे १८८९ रोजी सुरू झाले, वैद्यकीय महाविद्यालयाला मात्र पैसा उरला नाही. तेव्हा मेरी एलिझाबेथ गॅरेट, केरी थॉमस आणि त्यांच्या मैत्रिणींनी निधी जमवण्याची तयारी दाखवली, पण अटी घालून. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा, आणि विद्यार्थ्याकडे आधीची पदवी, विज्ञानाची तयारी व फ्रेंच-जर्मनचे ज्ञान असले पाहिजे. गरज होती ५ लाख डॉलरची. त्यातले ३ लाखांहून अधिक एकट्या गॅरेट यांनी दिले. त्या त्याच रेल्वेच्या माजी अध्यक्षांच्या कन्या. विश्वस्तांनी कुरकुर केली आणि अटी मान्य केल्या. १८९३ मध्ये पहिल्या तुकडीत १८ विद्यार्थी आले, त्यांत ३ स्त्रिया होत्या. सात वर्षांपूर्वी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठीच्या वेगळ्या महाविद्यालयातून. त्या वेळी अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रियांना बसताच येत नव्हते.

प्रवेशासाठी आधीची पदवी हवी, ही अट आज साधी वाटते. त्या काळी अमेरिकेत शालान्त शिक्षणही न झालेला मुलगा फी भरून दोन वर्षे व्याख्याने ऐके आणि रोग्याला हात न लावता डॉक्टर होई. हॉपकिन्सने हे चित्र पालटले. विकृतिशास्त्राचे विल्यम वेल्च, वैद्यकाचे विल्यम ऑस्लर, शस्त्रक्रियेचे विल्यम हॉल्स्टेड आणि स्त्रीरोगांचे हॉवर्ड केली हे चौघे संस्थापक प्राध्यापक. ऑस्लर विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून उठवून थेट वॉर्डात नेत. प्रत्येक विद्यार्थ्याकडे ठरावीक रोगी दिलेले असत. त्यांचा इतिहास लिहिणे, तपासणे, लघवी-रक्त पाहणे हे त्याचे काम. हॉल्स्टेड यांनी शल्यविशारदांना वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहून, जबाबदारी पायरीपायरीने वाढवत शिकवण्याची पद्धत बसवली. रेसिडेन्सी हा शब्द आज आपल्याकडच्या प्रत्येक एम.डी., एम.एस. विद्यार्थ्याच्या तोंडी आहे, त्याचे मूळ इथे. या पद्धतीत अमानुष तासांचीही सुरुवात होती. त्या तासांबद्दलच्या निवासी डॉक्टरांच्या तक्रारी आजही ऐकू येतात, आणि त्या रास्त आहेत.

हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातली मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्पटन यांचे हात जंतुनाशकातल्या पाऱ्याच्या क्षाराने सोलवटू लागले होते. त्या नोकरी सोडण्याच्या बेतात होत्या. हॉल्स्टेड यांनी त्यांच्या हातांचे साचे काढून गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. हेतू परिचारिकेची त्वचा वाचवण्याचा होता. रोग्याला जंतुसंसर्ग टाळण्यासाठी सर्वांनीच ते घालावेत, हे हळूहळू उमगले आणि त्यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी तो नियमच केला. १८९० मध्ये हॉल्स्टेड आणि हॅम्पटन यांचे लग्न झाले. हॉल्स्टेड यांना कोकेन बधिरीकरणासाठी स्वतःवर वापरून पाहताना व्यसन जडले होते. पुढे मॉर्फीनही आले. ते व्यसन सांभाळतच त्यांनी हे सगळे काम केले.

या महाविद्यालयाचा प्रभाव देशभर पसरला तो १९१० च्या फ्लेक्सनर अहवालामुळे. अब्राहम फ्लेक्सनर हे स्वतः हॉपकिन्सचे पदवीधर. त्यांनी अमेरिका व कॅनडातल्या १५५ वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी केली. मापदंड होता हॉपकिन्स. त्या मापात न बसणारी असंख्य महाविद्यालये बंद पडली. वैद्यकाचा दर्जा त्यामुळे उंचावला यात शंका नाही. पण कृष्णवर्णीयांसाठीच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी दोनच टिकली, आणि त्या समाजाला डॉक्टर मिळणे अनेक पिढ्या अवघड झाले. श्रीमंत संस्थेचा दर्जा सर्वांना लावला, पण तिचा पैसा सर्वांना दिला नाही, म्हणून असे झाले.

१९१६ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने वेल्च यांनी सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन केले. अशा प्रकारचे हे जगातले पहिलेच. पाणी, मलेरिया, क्षयरोग, बालमृत्यू हे विषय एकेका रोग्याच्या खाटेशी सुटत नाहीत, लोकसंख्या मोजूनच सुटतात, हा विचार इथे अभ्यासक्रम बनला.

भारताशी या विद्यापीठाचे नाते याहून जुने आहे. जमशेटजी टाटांनी संशोधन संस्थेची कल्पना मांडली आणि बर्जोरजी पादशहा यांना परदेशी विद्यापीठे पाहून येण्यास धाडले, तेव्हा भारताला जवळचा वाटावा असा नमुना म्हणून पादशहांच्या मनात हॉपकिन्स होते. त्या प्रयत्नातून १९०९ मध्ये बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. महाराष्ट्राशी थेट संबंध आला एड्सच्या साथीच्या काळात. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून हॉपकिन्सचे संशोधक पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेबरोबर आणि नंतर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर काम करू लागले. ससून रुग्णालयात येणाऱ्या एचआयव्हीबाधित गर्भवतींची बाळे स्तनपानातून बाधित होऊ नयेत, यासाठी बाळाला जन्मानंतर सहा आठवडे नेव्हिरापिन हे एचआयव्हीविरोधी औषध देऊन पाहिले गेले. इथिओपिया आणि युगांडातल्या अभ्यासांसह त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले : एकच मात्रा दिलेल्या बाळांपेक्षा या बाळांमध्ये सहाव्या आठवड्यापर्यंत संसर्ग कमी होता. गरीब आईला स्तनपान सोडून दुधाची पावडर परवडत नाही, ही गोष्ट गृहीत धरून केलेले हे संशोधन होते. त्यामुळेच ते उपयोगाचे ठरले.

दुसऱ्या महायुद्धाने विद्यापीठाचे अर्थकारण बदलून टाकले. १९४२ मध्ये मेरिलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे जुन्या मोटारींच्या एका गॅरेजमध्ये उपयोजित भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली. काम होते लक्ष्याच्या जवळ जाताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याची कळ बनवण्याचे. युद्ध संपले, प्रयोगशाळा राहिली. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेला, तेव्हा इथल्या दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी, विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी, त्याच्या रेडिओ संकेतांची बदलती कंप्रता ऐकून त्याची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांना त्यात उलट गणित दिसले : उपग्रहाची कक्षा माहीत असेल तर जमिनीवरच्या श्रोत्याचे ठिकाण काढता येईल. त्यातून ट्रान्झिट ही पहिली उपग्रह दिशादर्शन यंत्रणा जन्मली. आज मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसची ती पूर्वज. प्लूटोजवळून २०१५ मध्ये गेलेले न्यू होरायझन्स यान आणि २०२२ मध्ये लघुग्रहावर आदळवलेले डार्ट यानही याच प्रयोगशाळेचे. मात्र तिच्या कामाचा मोठा भाग लष्करासाठीचा आणि गोपनीय आहे. खुल्या ज्ञानासाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाने तो का सांभाळावा, हा प्रश्न व्हिएतनाम युद्धापासून विद्यार्थी विचारत आले आहेत.

रुग्णालयातल्या दोन घटना विद्यापीठाचा खरा चेहरा दाखवतात. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी हृदयदोषामुळे निळ्या पडलेल्या एका तान्ह्या मुलीवर शस्त्रक्रिया केली. बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवर ती बेतलेली होती. ब्लेलॉक यांच्या मागे एका स्टुलावर व्हिव्हियन थॉमस उभे होते आणि टाका कसा व कुठे घ्यायचा ते हलक्या आवाजात सांगत होते. कुत्र्यांवर प्रयोग करून ही शस्त्रक्रिया थॉमस यांनीच बसवली होती. उपकरणेही त्यांनीच घडवली. ते कृष्णवर्णीय होते, महामंदीत बुडालेल्या बचतीमुळे महाविद्यालयात जाऊ शकले नव्हते, आणि पगार इतका तुटपुंजा होता की ते ब्लेलॉक यांच्याच मेजवान्यांत पेये वाढण्याचे काम करत. पुढे देशभर नावाजलेले अनेक शल्यविशारद त्यांच्या हाताखाली शिकले. विद्यापीठाने त्यांचे तैलचित्र १९७१ मध्ये लावले आणि १९७६ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली.

दुसरी घटना १९५१ ची. हेन्रिएटा लॅक्स ही ३० वर्षांची, पाच मुलांची कृष्णवर्णीय आई गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी इथे आली, कारण तिच्यासारख्यांना घेणारी रुग्णालये थोडी होती. तिच्या गाठीतला तुकडा तिला न विचारता जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. तोवर मानवी पेशी काचपात्रात फार दिवस जगत नसत. या पेशी दर २४ तासांच्या आसपास दुप्पट होत राहिल्या. लॅक्स ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वारल्या. ‘हेला’ पेशी पोलिओच्या लशीपासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत असंख्य कामांत वापरल्या गेल्या. कुटुंबाला हे कळले १९७० च्या दशकात. त्या काळी संमती घेण्याचा नियम नव्हता आणि हॉपकिन्सने पेशी विकल्या नाहीत, हे विद्यापीठाचे म्हणणे खरे आहे. पण त्या पेशींवर इतरांनी व्यवसाय उभे केले आणि लॅक्स यांच्या मुलांना वैद्यकीय विमाही परवडत नव्हता, हेही तितकेच खरे आहे. २०२३ मध्ये कुटुंबाने एका जैवतंत्रज्ञान कंपनीशी न्यायालयाबाहेर तडजोड केली. संस्थापकाने गरिबांसाठी काढलेल्या रुग्णालयात गरीब हेच संशोधनाचे साहित्य ठरले, हा या परंपरेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

इतर शोधांची यादी लांब आहे. छातीवर दाब देऊन थांबलेले हृदय चालवण्याची पद्धत १९६० मध्ये इथून प्रसिद्ध झाली. डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या एन्झाइमांसाठी डॅनियल नेथन्स व हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे नोबेल मिळाले आणि जनुक अभियांत्रिकीचा रस्ता खुला झाला. जानेवारी २०२० मध्ये लॉरेन गार्डनर यांच्या चमूने सुरू केलेला कोरोनाचा नकाशा मराठी वृत्तवाहिन्यांवरही रोज दिसत होता. पर्यावरणविषयक लेखिका रेचल कार्सन यांनीही प्राणिशास्त्राची एम.ए. १९३२ मध्ये इथेच केली.

मानव्यविद्यांत मोठी माणसे होऊन गेली, तरी पैशाचा ओघ वैद्यक आणि अभियांत्रिकीकडेच राहिला. प्राध्यापकांच्या स्वातंत्र्याबाबतची एक कसोटी नोंदवण्यासारखी आहे. १९५० मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी मध्य आशियाचे अभ्यासक ओवेन लॅटिमोर यांच्यावर सोव्हिएत हेरगिरीचा आरोप केला. विद्यापीठाने त्यांना बडतर्फ केले नाही, पगारी रजेवर ठेवले. १९५५ मध्ये खटला बारगळला. पुरता कणखर नसला तरी हा पवित्रा त्या काळातल्या कित्येक विद्यापीठांपेक्षा बरा होता.

आज विद्यापीठाचा मुख्य परिसर शहराच्या उत्तरेला होमवूड इथे आहे. लाल विटांच्या इमारतींमधली गिलमन हॉल ही १९१५ ची. वैद्यकीय परिसर पूर्व बाल्टिमोरमध्ये, संगीताची पीबॉडी संस्था शहराच्या मध्यभागी, आंतरराष्ट्रीय संबंधांचे महाविद्यालय वॉशिंग्टनमध्ये. हबल आणि जेम्स वेब दुर्बिणींचे वैज्ञानिक काम सांभाळणारी संस्थाही होमवूडवर आहे. कायद्याचे महाविद्यालय मात्र इथे नाही. अमेरिकेत संशोधनावर सर्वाधिक खर्च करणारे विद्यापीठ हे स्थान हॉपकिन्सने चार दशकांहून अधिक काळ राखले आहे. वर्षाचा हा खर्च ३ अब्ज डॉलरहून अधिक असतो. त्यातला मोठा वाटा उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेचा आणि बहुतेक पैसा केंद्र सरकारचा.

खासगी देणगीची परंपराही थांबलेली नाही. १९६४ चे पदवीधर मायकल ब्लूमबर्ग यांनी पदवीनंतरच्या वर्षी ५ डॉलर दिले होते. २०१८ मध्ये त्यांनी १.८ अब्ज डॉलर दिले, ते फक्त पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्यासाठी. २०२४ मध्ये आणखी १ अब्ज मिळाले आणि वर्षाला ३ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची शिक्षण फी माफ झाली. त्याआधी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्याची प्रथा विद्यापीठाने बंद केली होती. ही सुधारणा अनेक बड्या खासगी विद्यापीठांना आजही जमलेली नाही.

शेजारच्या वस्तीशी नाते मात्र ताणलेलेच आहे. पूर्व बाल्टिमोरची वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब. या शतकाच्या आरंभी रुग्णालयाच्या उत्तरेला ८८ एकरांच्या पुनर्विकासात ७०० हून अधिक कुटुंबे हलवली गेली. २०१९ मध्ये राज्याने विद्यापीठाला स्वतःचे पोलीस दल उभारण्याची परवानगी दिली, तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीत महिनाभर ठिय्या दिला. हॉपकिन्स हे मेरिलँडमधले सर्वांत मोठे खासगी नोकरी देणारे आहे, त्यामुळे शहराला ते नकोसे होऊ शकत नाही आणि पूर्ण आपलेसेही वाटत नाही.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने परदेशी मदतीचा निधी तोडला. हॉपकिन्सचे ८० कोटी डॉलरहून अधिक अनुदान गेले आणि २,२०० हून अधिक नोकऱ्या संपल्या, त्यांपैकी १,९७५ अमेरिकेबाहेरच्या ४४ देशांतल्या. क्षयरोग, एचआयव्ही आणि बाळंतपणातल्या मृत्यूंवर काम करणारी ही माणसे होती. ब्लूमबर्ग यांच्या देणग्यांनी विद्यार्थ्यांची फी भागते. हे काम मात्र त्यांच्या भरवशावर चालत नाही, ते आजही वॉशिंग्टनच्या अनुदानावर अवलंबून आहे.